हात थरथरतात म्हणून ब्रँच सोडू का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: तू मेडिसिनची जेआर-वन, म्हणजे पीजीच्या पहिल्या वर्षाची ज्युनियर रेसिडेंट, मराठवाड्यातल्या एका सरकारी कॉलेजात, चौथा महिना चालू. वाचलेलं सगळं येतं, सेमिनार नीट होतात, पण इमर्जन्सीच्या रात्री विषबाधेचा पेशंट आला आणि सीनियर पाठीमागे येऊन उभे राहिले की डोकं कोरं होतं. साधा डोसचा हिशेब जमत नाही, हात थरथरतात. सीनियर म्हणतात, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. ताणानं खरंच काम बिघडतं की आपणच कच्चे आहोत, आणि ब्रँच सोडावी का, असं तू विचारलं आहेस.

मी इकडच्याच सरकारी कॉलेजांमध्ये मेडिसिन शिकवत आलोय. त्यामुळे आधी थेट सांगतो. ताणानं काम बिघडतं, आणि तुझं ज्या पद्धतीनं बिघडतंय ती पद्धत फार ओळखीची आहे. ब्रँच सोडण्याचं कारण मला त्यात दिसत नाही. पण ताण ताण म्हणून आपण ज्या सगळ्याला एकच नाव देतो त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. पेशंटच्या आजारातून येणारा ताण माणसाला बहुतेक वेळा जागं करतो. दुसरा ताण येतो पाठीमागच्या माणसातून, दारातल्या गर्दीतून, न झालेल्या झोपेतून आणि रिकाम्या पोटातून. तो पेशंटसाठी लागणारं डोकं खातो. तुझी तक्रार दुसऱ्याची आहे, आणि तिला उपाय आहे.

आत काय होतं ते पाहा. धोका जाणवला की काही सेकंदांत अ‍ॅड्रिनलिन वाढतं: नाडी धावते, तळहात ओले होतात, बोटं कापतात. कॉर्टिसॉल सावकाश चढतं, साधारण वीस ते तीस मिनिटांनी शिखराला पोचतं. या दोन्हींचा सगळ्यात जास्त फटका बसतो तो मेंदूच्या पुढच्या भागातल्या वर्किंग मेमरीला, म्हणजे चार गोष्टी एकाच वेळी मनात धरून त्यांच्यावर काम करण्याच्या क्षमतेला. पाठ असलेली गोष्ट आणि हाताला बसलेली सवय त्या मानानं टिकून राहते. म्हणून तू घाबरलेली असतानाही शीर बरोबर सापडते, पण पाच गुणिले सहा दशांश अडतं. सोबत लक्षही अरुंद होतं. मॉनिटरवरचा एकच आकडा दिसत राहतो, अलार्म ऐकू येत नाही, दोन मिनिटं झाली की दहा हे कळत नाही. ज्ञान कुठं जात नाही. त्याच्यापर्यंत पोचायची वाट तेवढ्यापुरती बंद होते.

आता हे आपल्या वॉर्डात आणून बघू. फवारणीचे दिवस. रात्री अडीच वाजता तिशीतला माणूस जीपमधून उतरवतात. "औषध पेलंय सायब," भाऊ सांगतो आणि पिशवीतून बाटली काढतो. ऑर्गनोफॉस्फरस, म्हणजे फवारणीचं कीटकनाशक. तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत दोन्हीकडं खरखर, नाडी पन्नासच्या घरात. याचा उतारा अ‍ॅट्रोपिन. आपल्याकडची अ‍ॅट्रोपिनची अँप्यूल ०.६ मिलिग्रॅमची. सुरुवातीला ३ मिलिग्रॅम द्यायचं म्हणजे पाच अँप्यूल. पाच मिनिटांनी छाती मोकळी नाही, नाडी ८० च्या वर नाही, वरचं बीपी ८० च्या वर नाही, काख कोरडी नाही, तर डोस दुप्पट: दहा. पुन्हा पाच मिनिटांनी वीस. समजा तिथं तो सावरला. एकूण पस्तीस अँप्यूल, म्हणजे २१ मिलिग्रॅम. आता त्याच्या दहा ते वीस टक्के दर तासाला इन्फ्युजन (शिरेतून सतत), म्हणजे २.१ ते ४.२ मिलिग्रॅम. हे गणित सातवीतलं पोरगंही करील. पण ते करत असताना सिस्टर विचारतात ट्यूब कुठली काढू, भाऊ विचारतो वाचंल का ओ, वॉर्डातले मामा विचारतात एमएलसीचे (पोलिस केसचे) पेपर केले का, आणि पाठीमागून आवाज येतो, "एवढं येत नाही? एमबीबीएस कुठून केलंस?" वर्किंग मेमरीत जागा तीन-चार गोष्टींचीच असते. त्या सगळ्या या माणसांनी भरून टाकल्या. किती अँप्यूल गेल्या हे आता कोण मोजणार?

यावर प्रयोग झालेले आहेत. कॅनडात पॅरामेडिकना मॅनिकिनवरचा (सरावाच्या पुतळ्यावरचा) एक ताणाचा प्रसंग हाताळायला देऊन त्यानंतर औषधांच्या डोसची गणितं घातली. हिशेब बिघडले, आणि त्यात अनुभवी माणसंही होती. दुसरा प्रयोग इस्रायलमधला, २०१५ साली प्रसिद्ध झालेला. नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागातल्या २४ टीमना एका अकाली जन्मलेल्या बाळाचा, आतड्याच्या गंभीर आजाराचा प्रसंग सरावासाठी दिला. निम्म्या टीमना एका परदेशी तज्ज्ञानं दोन-तीन तुच्छतेची वाक्यं ऐकवली. आरडाओरड नाही, शिवी नाही. तेवढ्यानं त्या टीमचं निदानही बिघडलं आणि हातातलं कामही. माणसं एकमेकांना माहिती सांगेनाशी झाली, मदत मागेनाशी झाली. आपल्याकडं राउंडला जे बोललं जातं त्यापुढं तो परदेशी पाहुणा फार सभ्य म्हणायचा.

म्हणून टाकीच्या घावांची ती म्हण मला इथं पटत नाही. म्हण दगडाबद्दल आहे, आणि दगडाला पहाटे तीनला इन्फ्युजनचा रेट काढावा लागत नाही. जरा शिकलेले सीनियर हीच गोष्ट इंग्रजीतून सांगतात: थोडं प्रेशर असलं की परफॉर्मन्स वाढतो, आलेख आहे तसा. तो आलेख ज्यावर उभा आहे तो यर्कीस आणि डॉडसन यांचा १९०८ चा प्रयोग उंदरांवरचा आहे, विजेचे झटके देऊन योग्य पेटी ओळखायला लावण्याचा. त्यात काम सोपं होतं तेव्हा जोराच्या झटक्यानं उंदीर लवकर शिकले. काम अवघड केलं, दोन पेट्यांतला फरक पुसट केला, तेव्हा मध्यम झटकाच बरा ठरला आणि जोराच्या झटक्यानं शिकणं मागं पडलं. हा दुसरा अर्धा भाग कुणी सांगत नाही. जेआर-वनसाठी पहिल्या सहा महिन्यांत जवळजवळ प्रत्येक काम अवघड असतं. जे काम सीनियरला डोळे मिटून येतं त्यात त्याला ताण मानवतो, म्हणून तो तुलाही मानवेल असं त्याला मनापासून वाटतं. बहुतेक जण दुष्ट नसतात. त्यांच्यावर जे झालं तेच ते पुढं देतात.

दुसरा मोठा वाटेकरी झोप. चोवीस-छत्तीस तासांच्या ड्यूट्या आपल्याला इतक्या अंगवळणी पडल्यात की त्याबद्दल बोललं तरी माणूस नाजूक ठरतो. १९९७ साली ऑस्ट्रेलियात एक साधी तुलना झाली: सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाचा हात-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका ढिला होतो, आणि चोवीस तासांनी ०.१ टक्क्याइतका. आपल्या देशात गाडी चालवायची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे सकाळी आठला आलेली जेआर रात्री एकपर्यंतच त्या मर्यादेच्या पुढं गेलेली असते, आणि खरी कॅज्युअल्टी तर त्यानंतर सुरू होते. २००४ साली बोस्टनच्या एका रुग्णालयाच्या आयसीयूत इंटर्नच्या चोवीस तासांवरच्या ड्यूट्या बंद करून पाहिल्या, तेव्हा जुन्या पद्धतीत गंभीर चुका ३५.९ टक्क्यांनी जास्त होत होत्या असं दिसलं. तरीही प्रामाणिकपणे दुसरी बाजू सांगायला हवी. २०१६ साली अमेरिकेतल्या सर्जरीच्या ११७ प्रशिक्षण कार्यक्रमांत तासांचे नियम ढिले ठेवून तुलना केली, तेव्हा पेशंटच्या निकालांत फरक पडला नाही. तास कमी केले की हातबदल, म्हणजे ड्यूटी संपताना पेशंट पुढच्या डॉक्टरकडं सोपवणं, वाढतात, आणि हातबदलात माहिती गळते. म्हणून ड्यूटी संपवताना 'सगळे स्टेबल आहेत' एवढं बोलून निघायचं नसतं. कोण सगळ्यात आजारी, कुणाचा कुठला रिपोर्ट यायचाय, रात्री काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं, हे पुढच्या माणसाकडून परत म्हणवून घ्यायचं. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ रुग्णालयांत ठरावीक साच्यानं हातबदल सुरू केल्यावर चुका २३ टक्क्यांनी घटल्या, हे २०१४ साली प्रसिद्ध झालं आहे. याला पैसा लागत नाही, पद मंजूर करावं लागत नाही.

मराठवाड्याचं ओझं थोडं वेगळं आहे हेही खरं. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जालना, बीड, परभणी, हिंगोली, शिवाय बुलढाणा आणि जळगावकडचेही पेशंट येतात. नांदेडला विष्णुपुरीत तेलंगणाच्या सीमेवरचे येतात. अंबाजोगाईला ऊसतोड मजुरांची कुटुंबं येतात, बहुतेकदा उशिरा. धाराशिव, परभणी, जालना, हिंगोलीला नवी सरकारी कॉलेजं निघाली, पण अवघड पेशंट अजून जुन्याच ठिकाणी रेफर होतो. रेफर होऊन येणारा माणूस दोन दवाखाने फिरून, पैसे संपवून आलेला असतो. सोबत आठ-दहा माणसं, आणि त्यांचा सगळा राग समोर दिसणाऱ्या पहिल्या पांढऱ्या कोटावर. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, दारात एमएसएफचे (राज्याच्या सुरक्षा दलाचे) जवानही असतात. तरी रात्री तीनला एकटीला तो कायदा आठवत नाही. त्यात पीजीच्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्याच्या. केरळ किंवा राजस्थानातून आलेल्या तुझ्या को-जेआरला "पोटात कळ मारायलीय, जीव घाबरा व्हायलाय" हे समजून घ्यायलाच डोकं खर्ची पडतं. त्याच्या वर्किंग मेमरीतली एक जागा आधीच गेलेली असते.

आता तू काय करायचं. धीर धर, सकारात्मक राहा, असलं मी सांगणार नाही. त्यानं हिशेब सुधारत नाही.

हिशेब डोक्यातून बाहेर काढ. एका कार्डावर पाच, दहा, वीस असं अँप्यूलमध्ये लिही, मिलिग्रॅममध्ये नको, कारण रात्री हातात अँप्यूल असते. शेजारी वेळेचा रकाना. कार्ड लॅमिनेट करून एक खिशात ठेव, एक रिससिटेशन ट्रॉलीला बांध. नॉरअ‍ॅड, डोपामिन, इन्सुलिन, मॅग्नेशियम यांचीही अशीच कार्डं कर, आणि दिवसा, शांत डोक्यानं, सीनियरकडून तपासून घे. रिकाम्या अँप्यूल फेकायच्या नाहीत, किडनी ट्रेमध्ये ठेवायच्या. किती दिल्या हे विसरलीस तर ट्रे सांगेल.

तोंडानं बोल, आणि नाव घेऊन बोल. "कुणीतरी अ‍ॅट्रोपिन द्या" असं नाही. "सिस्टर, अ‍ॅट्रोपिन पाच अँप्यूल आयव्ही, दिलं की सांगा." सिस्टरनी "पाच दिलं" म्हटलं की वेळ लिही. दर पाच मिनिटांनी मोठ्यानं म्हण: छाती अशी, नाडी इतकी, बीपी इतकं, काख ओली, आता दहा देतेय. याचा एक फायदा असा, की पाठीमागे उभ्या असलेल्या सीनियरला मध्ये बोलायला जागा कमी उरते आणि चूक होत असेल तर ती त्याला वेळेत ऐकू येते. गोंधळ फारच वाढला तर दहा सेकंद थांबायचं, एक लांब श्वास सोडायचा आणि विचारायचं: आत्ता सगळ्यात मोठा प्रॉब्लेम काय? या दहा सेकंदांत कुणी मरत नाही. न थांबता चुकीच्या दिशेनं धावलेल्या दहा मिनिटांत मात्र मरतं.

सर्पदंशाच्या बाबतीतही हेच. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी म्हणजे दोन मिली ताजं रक्त, स्वच्छ कोरडी काचेची नळी, आणि वीस मिनिटं हात न लावता ठेवायची. घाईत आणि धाकात असलेला मुलगा प्लास्टिकची व्हायल घेतो, सात मिनिटांनी वाकडी करून बघतो, न गोठलेलं दिसलं की लगेच दहा व्हायल एएसव्ही (सापाच्या विषावरचा उतारा) चढवतो. विष चढलेल्या पेशंटला एएसव्ही लागतं, पण न लागणाऱ्याला दिलेल्या एएसव्हीचं अ‍ॅनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी) मग त्याच रात्री त्यालाच निस्तरावं लागतं. नळीवर वेळ लिही, मोबाइलला वीस मिनिटांचा गजर लाव आणि तोपर्यंत दुसऱ्या पेशंटकडं जा. या चाचणीत थांबणं हेच काम आहे, आणि घाबरलेल्या माणसाला नेमकं तेच जमत नाही.

हाताच्या थरथरीसाठी काही रेसिडेंट प्रोप्रॅनोलॉल, म्हणजे नाडी मंदावणारी गोळी, घेतात हे मला माहीत आहे. हात थांबतील. हिशेब सुधारेल याची काही खात्री नाही, आणि दमा असेल तर भलतंच होईल. झोपेसाठी वॉर्डातल्या स्टॉकमधून अल्प्राझोलाम उचलणं तर नकोच. इमर्जन्सीच्या आधी जेव, पाण्याची बाटली जवळ ठेव आणि पहाटे जी वीस मिनिटं मिळतील ती मोबाइलवर घालवू नकोस.

सीनियर आणि लेक्चरर मंडळी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एकच मागणं आहे. झापायचं असेल तर पेशंट स्थिर झाल्यावर, दार लावून झापा. पेशंट धोक्यात असताना तुम्ही जे बोलता ते सगळं पेशंटच्या हिशेबातून वजा होतं. आणि सकाळच्या राउंडला नातेवाइकांसमोर जेआरला मूर्ख ठरवलंत, तर दुपारी तेच नातेवाईक त्याच जेआरचं ऐकणार नाहीत. मग मारामारीची वेळ आली की मार्डचं (रेसिडेंट डॉक्टरांच्या संघटनेचं) पत्र घेऊन तुम्हीच पुढं येता.

आता एक गोष्ट गंभीरपणे. थकवा आणि नैराश्य या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कामावरचा त्यांचा परिणामही वेगळा. २००८ साली अमेरिकेतल्या तीन बालरुग्णालयांतल्या रेसिडेंटवर झालेल्या अभ्यासात, नैराश्य असलेल्यांकडून औषधांच्या चुका इतरांच्या ६.२ पट झाल्या. नुसते कंटाळलेले, पिळून निघालेले, म्हणजे बर्नआउट झालेले रेसिडेंट मात्र जास्त चुकत नव्हते. ओळखायचं कसं? थकलेली मुलगी सुटीच्या दिवशी दहा तास झोपते, उठून मिसळ खाते आणि माणसात येते. जिला सुटी मिळूनही झोप लागत नाही किंवा पहाटे चारला जाग येते, जेवण नकोसं होतं, आवडीचं काही आवडेनासं होतं, आणि हे दोन आठवडे टिकतं, तिला उपचार हवेत. हे दुबळेपणाचं लक्षण नाही याचा पुरावा आहे: अमेरिकेतल्या इंटर्नच्या एका अभ्यासात रुजू होण्याआधी ३.९ टक्के मुलांमध्ये नैराश्याची लक्षणं होती, वर्षभरात सरासरी २५.७ टक्के. मुलं तीच होती, फक्त जागा बदलली. आपल्याच कॉलेजच्या सायकियाट्रीच्या ओपीडीत रांगेत उभं राहायची लाज वाटते, ते मी समजू शकतो. मग शहरातल्या दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडं जा, किंवा टेली-मानसच्या १४४१६ वर फोन कर. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. जीव द्यावासा वाटण्याचा विचार एकदा जरी येऊन गेला असला, तर हे उत्तर इथंच सोड, आधी फोन कर, आणि आज रात्री एकटी राहू नकोस.

राहिला ब्रँचचा प्रश्न. चौथ्या महिन्यात, या झोपेवर, हा निर्णय घेऊ नकोस. ज्याला मेडिसिन खरंच नको असतं त्याला दिवसा, शांत ओपीडीतही पेशंटची कहाणी ऐकायचा कंटाळा येतो. तू लिहिलंयस की वाचायला आवडतं, केस लिहायला आवडते. ही बिघडलेल्या निवडीची लक्षणं नाहीत. नऊ-दहा महिने झाल्यावर, जेआर-टूच्या उंबरठ्यावर पुन्हा विचार कर. आणि तोवर अ‍ॅट्रोपिनचे पेशंट टाळू नकोस, उलट मागून घे, पण शिकवणारा एखादा शांत सीनियर ड्यूटीवर असेल त्या रात्री. प्रत्येक कॉलेजात असा एक असतो, आणि तो कोण हे सिस्टरना पक्कं माहीत असतं.

एचओडींना (विभागप्रमुखांना) भेटायचं असेल तर एकटी जाऊ नकोस. दोघी-तिघी जा, मार्डच्या प्रतिनिधीला सोबत घे आणि लेखी अर्ज ने. त्यात 'मानसिक त्रास होतो' असं मोघम लिहायचं नाही. कुठल्या आठवड्यात सलग किती तास ड्यूटी झाली, साप्ताहिक सुटी कधी मिळाली नाही, ते तारखेनिशी लिहायचं. केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत सलग बारा तास आणि आठवड्याला ४८ तास असं आहे. २०२३ च्या पीजी नियमांत साप्ताहिक सुटी आणि वर्षाला किमान २० पगारी रजा आहेत. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावरच्या २०२४ च्या राष्ट्रीय कृती दलानं आठवड्याला ७४ तासांची वरची मर्यादा सुचवली आहे. ४८ मागितले तर हसतील, म्हणून मागणी एकच आणि होण्यासारखी ठेव: इमर्जन्सीनंतरच्या दिवशी दुपारी दोनला सुटका, आणि त्यासाठी दोन युनिटांनी मिळून बनवलेला ड्यूटीचा तक्ता सोबत जोडलेला. तक्ता तुम्हीच करून नेलात तर सही होण्याची शक्यता बरीच वाढते.